चोरचोळी झाली आणि आतडं लांब निघालं

सरळ विषयावर येते. हे संडासाबद्दल आहे. ज्याला किळस येते त्यानं इथंच थांबावं, मला राग न्हाई. पण ज्याला चार-चार, सहा-सहा दिवस होत न्हाई आणि जो हे जगात कोणालाच सांगत न्हाई, त्यानं शेवटपर्यंत वाचावं, कारण त्याच्यासाठीच लिहून राहिले. मोबाइलवर लिहिते, अंगठे डोक्याच्या पुढं पळतेत, चुका होतील, सांभाळून घ्या.

मी अश्विनी. वय तेवीस. माहेर गोरेगाव, सासर आखाडा बाळापूर. बी.ए. झालंय. बेंबीपासून खाली टाक्यांची एक रेघ आहे, आधी जांभळी होती, आता गुलाबी झालीय. ती कशी आली ते सांगते. आणि त्यात मी एक मोठ्ठं खोटं बोलले, ते पण सांगते. ते सोडून सांगितलं तर सांगण्यात काही अर्थच न्हाई.

याला नावच न्हाई

चौथीत होते तेव्हापासूनचं आठवतंय. बाकीच्या पोरी सकाळी जाऊन येत आणि मी चौथ्या-पाचव्या दिवशी. पोट कायम जड. प्रार्थनेला उभं राहिलं की पोटात कोणी वीट ठेवलीय असं वाटायचं. माय एरंडेल पाजायची, नाक दाबून, वरून गूळ. एरंडेलानं दोन दिवस पोटात नुसता पीळ पडायचा, मग एकदा व्हायचं, मग परत पाच दिवस बंद.

कोणी म्हणायचं बेंबी सरकली. गल्लीतल्या एक आजी बेंबी बसवायच्या. उताणं पाडून, तेल लावून, अंगठ्यानं पोट असं दाबायच्या की डोळ्यांसमोर चांदण्या. “बसली बघ,” म्हणायच्या. काय बसली देव जाणे. मी मात्र पुढचे तीन दिवस सरळ बसू शकत नव्हते.

कोणी विचारलं तर माय सांगायची, “तिला जरा पोटाचा त्रास हाय.” एवढंच! डोकं दुखलं तर डोकं दुखलं म्हणतेत, ताप आला तर ताप. याला मात्र आपल्याकडं बोलायचं नावच न्हाई. मग डॉक्टरला तरी काय सांगणार? एकदा सेनगावला दवाखान्यात नेलतं, तिथं पण माय “पोट साफ न्हाई” एवढंच म्हणली. डॉक्टरनं एक बाटली दिली. किती दिवसांनी होतं हे त्यांनी विचारलं न्हाई, आमी सांगितलं न्हाई. विषय संपला.

लग्न ठरलं तेव्हा माय मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणली, “हे तिथं काढू नको. पोरगी दुखणेकरी हाय म्हणतेत अन् सोयरीक मोडते.”

मी काढलं न्हाई.

सात माणसं, एक दार

सासरचं घर चांगलं. नवरा गजानन, ठिबकचं सामान विकायचं दुकान, घरची हळद. सासूला आमी आत्याबाई म्हणतो. आवाज असा की त्या अंगणातून बोलल्या तर बसथांब्यावरचा माणूस मागं वळून बघतो. पण मनानं वाईट न्हाईत, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं वाचताना तुमी त्यांच्यावर चिडसाल.

घरात माणसं सात आणि संडास एक.

आता विचार करा. नवी नवरी. सकाळी सहाला आत गेली. सव्वासहा, साडेसहा, पावणेसात. बाहेर मामंजी खाकरून राहिले, दिराला कॉलेजची गाडी पकडायची, जावेचं लेकरू चड्डी धरून नाचून राहिलं. आणि आत मी. घाम गाळून, डोळे मिटून, जगातल्या सगळ्या देवांना हाका मारून. आणि होत काहीच न्हाई!

“अगं ए, आत पोथी वाचून राहिली काय?” आत्याबाई दारावर थाप मारायच्या.

मी तशीच उठून यायचे. रिकामी.

महिनाभरानं संशय सुरू झाला. एक दिवस भाजी निवडताना आत्याबाई सरळच म्हणल्या, “मोबाइल बाहेर ठेवून जात जा. इतका येळ कोणाशी बोलतीस आत?”

मला असं झालं की जमीन फाटावी. कोणाशी बोलते! म्हणजे त्यांना वाटलं माझं बाहेर कोणी आहे आणि मी संडासात बसून त्याच्याशी बोलून राहिले!  मोबाइल कट्ट्यावर ठेवून जायला लागले. आणि खरं कारण? ते सांगायला तोंडच उघडेना. एक वेळ लफडं आहे म्हणणं सोपं होतं, असं वाटलं मला तेव्हा. खरंच.

मग मी एक शहाणपणा काढला. खाल्लंच न्हाई तर जावं लागणार न्हाई! अर्धी भाकर, वरण नको, भात नको. “पोरगी नाजूक हाय,” म्हणायचे. वजन उतरलं, गाल बसले, पाळी पुढं जायला लागली आणि मग आलीच न्हाई. पोट मात्र फुगलेलं. काड्यांसारखे हात आणि पुढं पोट. सकाळी उठलं की मळमळ, दोनदा तर अंगणातच ओकले.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पोटाकडं पाहिलं. परत माझ्याकडं पाहिलं. आणि हसल्या.

एकच रेघ

बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून तपासायची पट्टी आणली. कोणाला न सांगता. दुसऱ्या दिवशी आत जाऊन पाहिली.

एकच रेघ. दिवस नव्हते.

पट्टी कागदात गुंडाळली, कमरेला खोचली आणि बाहेर आले. आता सांगून टाकायचं असं ठरवूनच बाहेर आले, शपथ. तर आत्याबाई दारापुढंच उभ्या. हातात कोमट पाण्याचा तांब्या. आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा खालच्या आवाजात म्हणल्या, “घाई करू नको गं. किती बी येळ बस. म्या बघते बाकीच्यांचं. पोटुशी बाईला कबज व्हतोच.”

कबज! त्यांनी ते म्हणलं. तोंडानं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ते माझ्यापुढं उच्चारलं आणि वर म्हणलं, किती बी येळ बस.

मी तांब्या घेतला आणि गप्प बसले.

हेच माझं खोटं. मी कधीच म्हणले न्हाई की मला दिवस आहेत. पण न्हाईत असंही म्हणले न्हाई. वाचणाऱ्याला जे म्हणायचं ते म्हणावं. मला माहीत होतं हे फार दिवस चालणार न्हाई. रोज वाटायचं, आज पाळी येईल आणि आपोआप उलगडा होईल. ती येईना. आणि रोज सकाळी ते दार माझं होतं. दीर रस्त्यापलीकडं चुलत्याकडं जायचा. मामंजी शेतात. थाप न्हाई, पोथी न्हाई. मी सुखानं रडायचे आत बसून.

चोरचोळी

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडं चोरचोळी करतेत. म्हणजे कोणाला कळू न देता पोटुशीला हिरवी चोळी द्यायची, ओटी भरायची, गोड खाऊ घालायचं. गुपचूप, म्हणून चोर.

आत्याबाईंनी गुपचूप करायचं म्हणून फक्त शेजारच्या मंगलमावशीला बोलावलं. मंगलमावशी म्हणजे काय सांगू! त्यांना एखादी गोष्ट सांगितली की गावात पोहोचायला भोंग्याची गरज न्हाई. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

मला पाटावर बसवलं. हिरवी चोळी, हिरव्या काचेच्या बांगड्या, ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंड. आत्याबाई कुंकू लावताना पुटपुटत होत्या.  गजानन दारातून हळूच डोकावून गेला. त्याचं तोंड असं उजळलं होतं की मी खाली बघितलं ते वर बघितलंच न्हाई.

“सून लाजाळू हाय तुमची,” मंगलमावशी म्हणल्या.

जाताना त्यांनी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणातल्या उरलेल्या लाल गोळ्या आणून दिल्या. रक्त वाढायच्या. आत्याबाई रोज स्वतः समोर उभ्या राहून गिळायला लावायच्या. आता मला डॉक्टरनी सांगितलंय की त्या लोहाच्या गोळ्यांनी साध्या माणसाचं पण घट्ट होतं. मग माझ्यासारखीचं काय? सहा दिवस झाले. आठ झाले. आरोग्य केंद्राची आशाताई दोनदा घरी आली, “वहिनी, चला, नाव नोंदवू, तपासणी करू,” म्हणली. मी दोन्ही वेळेस डोकं दुखतंय म्हणून झोपून घेतलं.

नऊ. दहा. अकरा.

हळदीच्या दिवशी

आमच्याकडं हळद शिजवायचं काम चालू होतं. शेतात ते मोठे डबे, वाफ, सगळीकडं तो ओला, कडू-गोड वास. मी दुपारी भाकरी घेऊन गेलते. वाफेपाशी उभी राहिले आणि पोटात डावीकडून कोणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं पिळलं. पीळ सुटेना. मी खाली बसले ती उठलेच न्हाई. पोट एका बाजूनं टम्म वर आलेलं, बोट मारलं तर ढोलासारखं वाजंल असं. हिरवं-हिरवं ओकले.

गजाननानं उचलून जीपमध्ये टाकलं. आत्याबाई हळदीच्या हातांनीच बसल्या. सगळा रस्ता माझं डोकं त्यांच्या मांडीवर. “काय न्हाई व्हत, पोरी. लेकराला काय न्हाई व्हत. देव हाय.” माझ्या कपाळाला त्यांच्या हाताची हळद लागली. आणि प्रत्येक खड्ड्याला मला दोन गोष्टी वाटत होत्या. एक, मी मरून राहिले. दुसरी, मेले तर बरं, सांगावं लागणार न्हाई.

अशी विचित्र असते बघा लाज.

फोटोच्या खोलीबाहेर

नांदेडचा मोठा दवाखाना. स्ट्रेचर. पोटाचा फोटो काढायला नेलं. तिथला माणूस कागद बघत म्हणला, “पेशंट प्रेग्नंट आहे का?”

“व्हय,” आत्याबाई म्हणल्या. “तिसरा सरत आला.”

“मग असा एक्स-रे काढता येत न्हाई. थांबा, मॅडमला विचारतो.”

तो गेला. पोटात पीळ वाढून राहिला. डॉक्टर मॅडम आल्या, तरुण, घाईत. पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. “सोनोग्राफी करावी लागेल आधी. ताई, शेवटची पाळी कधी आलती?”

आत्याबाई सांगायला लागल्या. मी मॅडमचा पांढरा कोट धरला.

“मॅडम, फोटो काढा. मला दिवस न्हाईत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी तपासलतं. एकच रेघ आलती.”

“कधी?”

“दोन महिने झाले.”

“मग पोटाचं काय होतंय तुम्हाला?”

“मला संडास होत न्हाई, मॅडम. अकरा दिवस झाले. लहानपणापासून होत न्हाई.”

सांगितलं! तेवीस वर्षांचं वाक्य एका दमात बाहेर आलं आणि किती छोटं होतं ते!

गजानन भिंतीला टेकला. आत्याबाईंच्या हातात माझ्या चपला होत्या, जीपमधून उतरताना त्यांनी उचलून घेतलेल्या. त्या वाकल्या, चपला स्ट्रेचरखाली नीट एकाला एक लावून ठेवल्या आणि निघून गेल्या.

मॅडमनी त्यांच्या पद्धतीनं परत तपासून घेतलं आणि फोटो काढला. आतड्याला पीळ बसलाय म्हणल्या. मग एका मोठ्या डॉक्टरांनी खालून नळी घालून तो पीळ सोडवला. कसं वाटलं विचारसाल तर लाज गेली खड्ड्यात. ट्रकच्या चाकाची हवा सोडतेत ना, तसा आवाज आणि मग… शांतता. पोट खाली बसलं. तिथल्या साफसफाईच्या मावशीला मी “माफ करा, माफ करा” म्हणत राहिले. ती म्हणली, “माफी कशाची, माय? बाहेर येईना म्हणून लोक इथं येतेत. आलं ना? मग झालं!”

देव जर कुठं असंल तर असा निळ्या साडीत बादली घेऊन असतो.

वळसे

दोन दिवसांनी मोठ्या मशीनचे फोटो आले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. बाकीच्यांचं मोठं आतडं चौकटीसारखं, सरळ चढतं, आडवं जातं, उतरतं. माझं उतरताना गरजेपेक्षा बरंच लांब. मग मावायचं म्हणून वळसे घेतलेले. जन्मापासून असं.

मला अर्धंच कळलं, गजाननाला मात्र पटकन कळलं. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता, पण चित्र बघून त्याच्यातला दुकानदार जागा झाला. “म्हणजे नळी लांब पडली सर. दहा फुटाच्या जागंत वीस फूट नळी कोंबली की वळसे पडणारच. आणि वळशात पाणी अडतं. एखाद्या वेळेस मुरडली की बंदच.”

“बरोबर,” डॉक्टर हसले. “आणि एकदा मुरडली की परत मुरडायची भीती असते. जास्तीचा तुकडा काढावा लागेल.”

ते गेल्यावर तो माझ्याकडं न बघता म्हणला, “मला तरी सांगायचं होतंस.”

“तुम्ही इतके खूष होता.”

“मी लेकरामुळं खूष होतो की तुझ्यामुळं, हे तूच ठरवलंस व्हय?”

 

तुमची पोरगी तुमी न्या

आत्याबाई घरी गेल्या न्हाईत. वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर बसून राहायच्या. चहा आत पाठवायच्या, स्वतः यायच्या न्हाईत. मायला त्यांनीच फोन केला. त्यांचा आवाज, मी सांगितलंच, मला पलंगावर सगळं ऐकू आलं. “ऑपरेशन आमी करून घेतो. मंग तुमची पोरगी तुमी न्या. आमाला खोट्याची सवय न्हाई.”

माय गोरेगावहून आली. रडतच. आणि तिनं येऊन जे केलं ते मला वाटलं नव्हतं. ती बाकड्यापुढं खाली बसली आणि म्हणली, “विहीणबाई, तिला लहानपणापासून हाय. म्याच म्हणलं व्हतं सांगू नको. मारायचं तर मला मारा.”

“मंजी दोघी मायलेकींनी मिळून,” आत्याबाई म्हणल्या. एवढंच.

त्या चार-पाच दिवसांत मला ऑपरेशनची भीती होतीच. पोटाला पिशवी लावावी लागंल का, गुंगीतून उठणार का. पण खरी भीती दुसरीच होती. मी बरी होऊन जाणार कुठं? गोरेगावला परत गेले तर “पोटात लेकरू न्हाई आणि म्हणली आहे” एवढंच नाव राहील माझं. गजानन आईपुढं बोलत न्हाई. मी त्याला विचारलं पण न्हाई. ज्याचं उत्तर सहन होणार न्हाई ते विचारू नये.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर म्हणल्या, अंगावर काही नको, बांगड्या काढा. हिरव्या बांगड्या, घट्ट बसलेल्या. माय म्हणली फोडू. तेवढ्यात आत्याबाई आत आल्या.

“फोडायच्या न्हाईत. साबण आणा.”

माझा हात मांडीवर घेऊन त्यांनी साबण लावला. एकेक बांगडी, बोटं दाबून, हळूहळू. दोन्ही हातांच्या. एक पण फुटू दिली न्हाई. सगळ्या पदरात बांधल्या. आणि मग, माझ्या हाताकडंच बघत, पहिल्यांदा विचारलं, “काहून केलंस असं?”

“तुमी म्हणला होता ना, किती बी येळ बस,” मी म्हणलं. “असं मला कोणीच कधी म्हणलं नव्हतं, आत्याबाई.”

त्यांनी माझा हात पुसला. दोनदा पुसला. मग स्ट्रेचर आलं.

वारा सरला का?

ऑपरेशन झालं. पिशवी लागली न्हाई. दुखलं, लई दुखलं, खोकला आला की टाके धरून देवाचं नाव. पण ते सोडून देते, कारण सगळ्यांचंच दुखतं. मला सांगायचंय ते सकाळच्या राउंडचं.

पोटाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर रोज एकच प्रश्न विचारतेत. वारा सरला का? म्हणजे आतडं कामाला लागलं का. सरंपर्यंत पाणी सुद्धा न्हाई. पहिल्या दिवशी न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई. सिस्टर विचारायच्या, मावशी विचारायची, शेजारच्या पलंगावरची वसमतची आजी विचारायची, तिला भेटायला आलेला तिचा जावई सुद्धा विचारून गेला! ज्या गोष्टीला आयुष्यभर नाव नव्हतं ती इथं नमस्कारासारखी!

आत्याबाई आता आत बसायला लागल्या होत्या. जास्त बोलायच्या न्हाईत. मला धरून वॉर्डात चालवायच्या, सलाईनची बाटली वर धरून. चौथ्या दिवशी खिडकीपर्यंत गेलो, वळलो आणि… झालं. चांगला मोठ्यानं.

मी मान खाली घातली. आत्याबाई थांबल्या. आणि त्या त्यांच्या बाळापूरच्या आवाजात ओरडल्या, “सिस्टर! सरला! सरला वारा!”

अख्खा वॉर्ड हसला. वसमतच्या आजीनं तर हात जोडले. मी हसून टाके ताणून घेतले आणि रडले पण. दुसऱ्या दिवशी चमच्यानं पाणी मिळालं. ते पाणी मी जन्मात विसरणार न्हाई.

सुट्टीच्या दिवशी माय माझी पिशवी भरून बसली होती, गोरेगावला न्यायचं म्हणून. ठरलंच होतं ना.  आत्याबाईंनी पिशवी बघितली, मायला बघितलं.

“गाडी आधी बाळापूरला थांबंल,” त्या म्हणल्या. “तिचं पथ्यपाणी म्याच बघीन. तुमच्याकडं गेली तर तुमी परत एरंडेल पाजसाल.”

माय हसली का रडली कळलं न्हाई. पिशवी मात्र गजाननानं उचलली.

आता

आता बरी आहे म्हणजे जादू झाली असं न्हाई. दुसऱ्या दिवशी होतं, कधी तिसऱ्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू आहे. पाणी, चालणं, पोटभर जेवण. हो, पोटभर! उपाशी राहायचं माझं शहाणपण शुद्ध वेडेपणा होता. पाळी परत चालू झाली. सगळ्यांना ऑपरेशन लागतं असं पण न्हाई, डॉक्टर म्हणले बऱ्याच जणांचं औषधावर भागतं. माझं पीळ पडल्यामुळं लागलं. म्हणून वेळेवर जा. पोट फुगून कडक झालं, ओकाऱ्या आल्या, वारा पण बंद झाला तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. पोट कोणाकडून दाबून घेऊ नका. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका. आणि डॉक्टरपुढं “पोटाचा त्रास” म्हणू नका. दिवस मोजून आकडा सांगा.

एक राहिलं

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया बघायला आल्या. सहा-सात जणी, मंगलमावशी सगळ्यात पुढं. मी पलंगावर, आत्याबाई खाली चहा गाळत.

मंगलमावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “वाईट झालं गं, पोरी. पहिलंच व्हतं. कळलं आमाला, पोट पडलं म्हणून.”

सगळ्या चुकचुकल्या.

मी आत्याबाईंकडं पाहिलं. चोळी त्यांनी घातली होती, ओटी त्यांनी भरली होती. नुसतं “व्हय” म्हणलं असतं तरी त्यांची लाज राहिली असती, माझी पण. कोणाचं काही गेलं नसतं. मी सुद्धा मनात म्हणत होते, म्हणा व्हय, एकदा म्हणून टाका आणि संपवा.

आत्याबाईंनी गाळणी बाजूला ठेवली.

“पोट पडलं न्हाई, मंगल. पोट नव्हतंच. तिला संडास व्हत नव्हती.”

त्यांनी पहिला कप मंगलमावशींपुढं सरकवला.

“अकरा दिवस,” आत्याबाई म्हणल्या. “आतडं लांब हाय तिचं, जन्माचं. पोरगी आत घामाघूम होऊन बसायची आन् म्या बाहेरून दार बडवायची. मोबाइलवर बोलती म्हणायची. लेकराची म्हणून चोळी घातली म्या खुळ्यावानी. तिनं सांगितलं न्हाई, ती चुकली. पण सांगावं असं म्या तरी कुठं ठेवलं व्हतं?”

एक जण पदर तोंडाला लावून फिसकन हसली. आत्याबाईंनी तिच्याकडं नुसतं पाहिलं, तिचं हसू तिथंच विरलं. सगळ्यांनी चहा भराभर पिला आणि उठल्या. आता ही बातमी गावभर जाणार, मला वाटलं. जाऊ दे. गेली तर गेली. पहिल्यांदाच खरी जाईल.

पण मंगलमावशी उठल्याच न्हाईत. रिकामा कप हातात फिरवत राहिल्या. शेवटची बाई अंगणातून बाहेर पडेपर्यंत.

मग म्हणल्या, “त्या नांदेडच्या डॉक्टर मॅडम… म्हताऱ्या बायाला बी बघतेत का?”

“कोणाला?” आत्याबाईंनी विचारलं.

“तसं कोणाला न्हाई. असंच.”

आत्याबाई उठल्या. दार लावून घेतलं. परत येऊन मंगलमावशींच्या समोर बसल्या आणि त्या तांब्याच्या दिवशीसारख्या खालच्या आवाजात म्हणल्या, “किती दिवसाला?”

 मंगलमावशींनी आधी एका हाताची चार बोटं दाखवली. मग कप खाली ठेवला आणि दुसरा हात पण वर केला.